पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ईद : बांगड्या, मेंदी, अत्तर... तुमच्याकडं काय काय असतं?

पहिलं_गेट :
मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण आधी थोडं सांगावं लागेल.

बेळगावात टिळकवाडीत आमच्या घरी लहानपणी एक मणेरीण यायच्या. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर बुट्टी, बुट्टीत दोरीला ओवलेल्या बांगड्या. अंगणात तुळशीकट्ट्यापाशी त्यांची बैठक. आई हात पुढं करायची आणि मणेर आजी आधी नुसता हात चेपत बसायच्या. आंगठ्याच्या मुळाशी जे हाड असतं ते आत दबेपर्यंत गप्पा. त्या गप्पा बांगडी भरण्यासाठीच असायच्या हे मला फार उशिरा कळलं. बाई बोलण्यात गुंतली की हात आपोआप सैल सोडते. मग एका दमात चार काकणं मनगटावर. एखादी फुटली तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं, आणि हा नियम आमच्या आईपेक्षा आजीच कडक पाळायच्या. भरून झालं की आई त्यांना वाकून नमस्कार करायची आणि त्या 'अगं अगं' करत पाय मागं घ्यायच्या.

आता त्यांचे गुडघे गेलेत, बुट्टी बंद झाली. त्यांची नात माझ्याच ऑफिसात आहे. यंदा, २०२५ ला, पाडवा रविवारी ३० मार्चला, आणि चांद दिसला तर ईद सोमवारी ३१ ला. परवा ती म्हणाली, "आजी विचारूलालीय तुला. ईदला ये."

इतकी वर्षं त्यांच्याकडनं शिरखुर्म्याचा डबा आमच्याकडं आला, आमच्याकडनं पुरणपोळ्या गेल्या, पण ईदच्या दिवशी त्यांच्या घरात मी एकदाही पाऊल टाकलेलं नाही. लिहायला लाज वाटते. तर सांगा : किती वाजता जावं, काय न्यावं, अंगावर काय असावं? ईदला बांगड्यांचा काही ठरलेला रंग असतो का? आणि जुन्या बायका ईदला काय काय घालायच्या, हेही लिहा. आमच्या घरात विचारायला कुणी नाही.

झेंडा_चौक :
बांगड्या विकत घेऊन, घालून जाऊ नकोस. मणेरणीच्या घरी दुसऱ्याच्या हातनं भरलेल्या बांगड्या? ओरडा खाशील.

दरबार_गल्ली :
ताई, सगळ्यात आधी वेळ. सकाळी लवकर जाऊ नका. पुरुषमंडळी सूर्य थोडा वर आला की नमाजाला निघतात. अंजुमनच्या ईदगाह मैदानावर नाहीतर आपापल्या मशिदीत. नमाज, मग खुतबा (इमामांचं प्रवचन), मग बरेच जण कब्रस्तानात जाऊन येतात. घरी परतून गळाभेटी होईपर्यंत साडेदहा-अकरा. तेव्हा जा. त्याआधी घरातल्या बायकांचे हात दुधाच्या पातेल्यात असतात.

आता अंगावरच्या गोष्टी. यात दोन खाती आहेत आणि लोक ती नेहमी मिसळतात. एक खातं सुन्नतचं, म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेल्या रीतीचं : सकाळी आंघोळ, मिसवाक (दातणाची काडी), आपल्याकडचे त्यातल्या त्यात चांगले कपडे, अत्तर, नमाजाला जाण्याआधी खजूर खाणं (एक, तीन, पाच असे विषम), तकबीर, म्हणजे 'अल्लाहू अकबर', म्हणत जाणं, आणि एका वाटेनं जाऊन दुसऱ्या वाटेनं परत येणं. कपडे नवेच पाहिजेत असं कुठंही नाही. आमचे आजोबा एकच अचकन वर्षानुवर्षं इस्त्री करून घालायचे. बकरी ईदला हे खाण्याचं उलटं, नमाज होईस्तोवर पोटात काही घालत नाहीत.

दुसरं खातं रिवाजाचं. मेंदी, काकणं, शिरखुर्मा, ईदी, तीनदा गळाभेट हे सगळं त्यात. याच्यावाचून ईद अडत नाही, पण याच्यावाचून ईद झालेली आमच्या गल्लीत कुणी बघितलेली नाही. रंग ठरलेला नसतो. चांदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, खडे बाजारात नुसतं उभं राहून बघा, पोरी ड्रेसच्या कापडाचा तुकडा हातात घेऊन बांगड्यांच्या गाड्यावर रंग जुळवत असतात.

आणि फितरा विसरू नका. म्हणजे तुम्हाला द्यायचा नाही, पण समजून घ्या. घरातल्या प्रत्येक माणसामागं, काल जन्मलेल्या बाळामागंसुद्धा, ठरावीक वजनाचं धान्य किंवा त्याची किंमत गरिबाला नमाजाच्या आधी पोचली पाहिजे. त्याच्याही घरी त्या दिवशी चूल पेटावी म्हणून.

गोकाकचा_करदंट :
आमच्या गावात ईदला पंजे बसवतात, चोंगे (गोड तळलेल्या पोळ्या) करतात, वाघाचं सोंग घेऊन नाचतात. हिंदूच जास्त असतात. तेपण लिहा की.

दरबार_गल्ली :
अहो ते मोहरम! कन्नडमध्ये ज्याला अलावी हब्ब म्हणतात ते. चोंगे मलाही आवडतात, पण ईदशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

निपाणीची_सून :
माझं माहेर कोल्हापूरकडचं, सासर निपाणी. आमच्या वाड्याच्या मागच्या बाजूला मुसलमान कुटुंबं, बायका बऱ्याच तंबाखूच्या वखारीत नाहीतर विड्या वळायला. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या सासूच्या काळात ईदला शेजारून शिजवलेला शिरखुर्मा यायचा नाही, शिधा यायचा. शेवया, साखर, खारीक, चारोळी, मूठभर खोबरं, आणि दुधासाठी रिकामा तांब्या, की दूध तुमचं तुम्ही घाला. आमच्याकडचे लोक त्यांच्या चुलीवरचं खात नसत, म्हणून त्यांनीच काढलेली ही वाट. सासूबाई हे 'किती समजूतदार माणसं' म्हणून कौतुकानं सांगायच्या. मला ऐकताना नेहमी आमच्याच घराची शरम वाटायची. सासूबाईंनीच पुढं ते बंद करून टाकलं, सरळ वाटी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

शेवया मात्र दोन्ही घरच्या एकाच माचावर वाळायच्या. उन्हाळ्यात शेवयाचं यंत्र कुणाच्यातरी बाजेला आवळायचं, एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं खालनं धार झेलायची. रमजान उन्हाळ्यात आला तर दांडा फिरवायची पाळी आमची, कारण त्यांना रोजा.

मेंदी त्या वेळी कोनातली नव्हे. कुंपणाचा पाला ओरबाडून आणायचा, पाट्यावर काताचा तुकडा घालून चहाच्या पाण्यात वाटायचा. नक्षी कसली, तळहाताच्या मधोमध एक मोठा गोल, भोवती पाच-सहा ठिपके, आणि बोटांना टोप्या. वरनं फडकं बांधून झोपायचं. सकाळी उठलं की उशीची खोळ पण रंगलेली. माझी नणंद अजून म्हणते, "त्या गोलासारखा रंग कुठल्याच कोनाला येत नाही." हे खरं आहे, की ते वय खरं होतं, देव जाणे.

चिपळूण_टू_बेळगाव :
मी कोकणी मुसलमान, लग्न होऊन बेळगावात. पहिल्या ईदला फजिती माझी नाही, माझ्या भावाची झाली. आम्ही शाफई, इथं हनफी, म्हणजे नमाजाच्या रीतीत थोडे वेगळे असे दोन पंथ. ईदच्या नमाजाच्या दोन रकातींत (फेऱ्यांत) आमच्याकडं जादा तकबिरी बारा, सात आणि पाच. यांच्याकडं सहा, तीन आणि तीन. भाऊ पाहुणा म्हणून जमातीत, म्हणजे सगळ्यांबरोबर नमाजाला, उभा राहिला आणि चौथ्यांदा हात वर करून बघतो तर सगळे हात बांधून उभे! घरी येऊन म्हणाला, "तुझ्या सासरचे लोक हिशेबात फार काटकसरी."

तारखेचंही तसंच. किनाऱ्यावर भटकळ-मंगळूरकडं केरळचा चांद धरतात, म्हणून कधीकधी त्यांची ईद आदल्या दिवशी होऊन जाते. २०२४ ला त्यांची १० एप्रिलला आणि बेळगावात ११ ला झाली. आईकडं सांदणं, इथं शिरखुर्मा आणि दालचा. मी दोन्ही करते. सासूबाई सांदणांना 'तुमची ती इडली' म्हणतात.

पंचांगवाला :
तारखांचा विषय निघालाच आहे तर. लोकांना वाटतं ईद आणि आपले सण 'योगायोगानं' एकत्र येतात. महिना कुठला ते दरवर्षी सरकतं, कारण चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं आणि त्यांच्यात अधिक मास नाही. दहा-अकरा दिवस मागं मागं येत ३३ वर्षांत एक फेरी पुरी होते. पण तिथी सरकत नाही. अमावास्येनंतरची पहिली कोर दिसली की दुसरा दिवस ईदचा, म्हणजे रमजान ईद कायम शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या आसपासच पडणार.

आता बेळगावात त्या तिथ्यांना काय असतं बघा. आपली परंपरेची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीया, आणि बसव जयंती, अक्षय तृतीया दुसऱ्या दिवशी. रमजान चैत्रात संपला की हे सगळं एका गठ्ठ्यात. २०२२ साली ३ मे ला ईद, अक्षय तृतीया आणि बसव जयंती एकाच मंगळवारी होती. रमजान फाल्गुनात संपला की पाडव्याच्या पाठोपाठ ईद, तेच यंदा. म्हणून पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवताना पश्चिमेला नजर टाका. अमावास्या शनिवारी दुपारीच संपते, तेव्हा रविवारी मावळतीला कोर दिसायला हरकत नाही. साखरेच्या माळा कुणाला उरल्या असतील तर मला कळवा.

शहापूर_वडगाव :
आमचं घर विणकरांचं, आता पॉवरलूम. जुन्या बायका काय नेसायच्या विचारलंय म्हणून लिहितो. माझ्या आजोबांची गिऱ्हाइकं दोन्हीकडची. खेड्यातल्या मुसलमान बायका त्या काळी इरकलच नेसायच्या, लांब लुगडं, डोक्यावरनं पदर. इरकलची गंमत पदरात आहे. अंग सुताचं, पदर तांबडा रेशमी, आणि दोन्हींचे ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडतात. त्याला तोप तेनी म्हणतात. नीट जोडलेलं असेल तर सांधा बोटाला लागत नाही. खालचा खण गुळेदगुड्डचा. ईदला नवं लुगडं घेतलं की धुवट आतल्या कामाला आणि नवं ट्रंकेत, वर्षभर लग्नाकार्याला तेच.

पुरुषांना रेशीम चालत नाही, सोनंही नाही, चांदीची अंगठी चालते. पण हौसेला तोड नसते. मश्रू नावाचं कापड याच्यावरच निघालं : वरनं रेशमाची चमक, आतनं अंगाला लागतं ते सूत. मश्रू या शब्दाचा अर्थच 'धर्माला मान्य' असा. गुजरातेत पाटणला विणतात. असला वकिली मुद्दा विणकरालाच सुचायचा.

कॅम्पातली_फार्मासिस्ट :
रंगात भंग करते, पण दरवर्षी ईद आणि लग्नसराईत दुकानात हेच बघते.

गेल्या ईदला माझ्याच भाचीनं रस्त्यावरच्या गाड्यावरनं 'इन्स्टंट ब्लॅक' कोन आणला. तासाभरात काळाकुट्ट रंग, पोरगी खूश. तिसऱ्या दिवशी नक्षी जशी काढली होती तशीच्या तशी फोडांची उठली. पानं, वेली, सगळी. फोड गेले, पण हातावर फिकट डाग महिनोन् महिने राहिला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता आयुष्यात केसांचा काळा डायसुद्धा तपासल्याशिवाय लावू नको. कारण कोनात मेंदी नव्हतीच, केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन होतं.

खरी मेंदी काळी नसतेच. पानातला रंग आंबट पाण्यात सुटतो, म्हणून लिंबू. काढल्यावर आधी नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होते. म्हणून ईद सोमवारी असेल तर मेंदी शनिवारी लावा, चांदरातीला नको. पण हे ऐकणारी मुलगी मला अजून भेटायचीय, चांदरातीची मजा ती चांदरातीचीच.

सुरमा : पुष्कळदा त्यात शिसं असतं. आजोबांनी हौसेनं लावून घेतला तर त्यांना कोण अडवणार, पण तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत घालू नका. बाळ डोळे चोळतं आणि तोच हात तोंडात घालतं.

खंजर_गल्ली_कॉर्नर :
सुरमेदानीवर गदा आणलीत, अत्तराला हात लावू नका म्हणजे झालं! रमजानात महिनाभर अत्तराचा गाडा लावतो, बाकीचे अकरा महिने मोबाईल रिपेअर.

ताई, नेण्यासाठी अत्तरासारखं काही नाही. मापं सांगतो : १२ मिलीची बाटली म्हणजे तोळा, ६ म्हणजे अर्धा तोळा, ३ म्हणजे पाव. आजींना नेणार असाल तर खस किंवा मोगरा. कन्नौजच्या खऱ्या गुलाबाचा भाव ऐकून तुम्ही बाटली खाली ठेवाल; पाव तोळ्यात कुणी शंभर रुपयांत 'असली गुलाब' देत असेल तर तो गुलाब कारखान्यात फुललेला. मनगटाला लावून लगेच वास घेऊ नका आणि चोळू तर अजिबात नका. चार दुकानं फिरून या, मग वास घ्या. तेव्हा जो राहिला तो खरा.

आमच्या अब्बांची पद्धत : कापसाचा एवढासा फाया, त्यावर थेंब, आणि तो कानाच्या वरच्या घडीत खोचायचा. ईदगाहला गळाभेट घेताना समोरच्याचं नाक नेमकं तिथंच येतं.

चिकोडी_७२ :
बांगड्या, मेंदी, हे सगळं नंतर घुसलेलं आहे. मूळ धर्मात काही नाही. उगाच उदात्तीकरण नको.

दरबार_गल्ली :
वर दोन खाती म्हणून तेच लिहिलंय दादा. वाचून घ्या, मग भांडू.

खानापूर_रोड :
लिहू की नको करत होतो. चांगल्या धाग्यात दुःखाचं.

माझे वडील रजब महिन्यात (रमजानच्या दोन महिने आधीचा) गेले. नवरा गेल्यावर बायकोची इद्दत, म्हणजे दुखवट्याचा काळ, चार महिने दहा दिवस. त्यात दागिना नाही, मेंदी नाही, सुरमा-अत्तर नाही, रंगीत कपडा नाही. ईद मधेच आली. त्या सकाळी मी अत्तर लावून आईच्या पाया पडायला गेलो (आमच्या खेड्यात पडतात, चिकोडीवाल्या दादांनी माफ करावं) आणि तिनं तोंड थोडं बाजूला केलं. मला कळलं नाही. बहिणीनं बाहेर नेऊन सांगितलं, अरे वास. मी नळाखाली कान धुतला.

इद्दत सरली. मौलाना म्हणाले, आता बांगडी घालायला काही हरकत नाही, दुसरं लग्न केलं तरी हरकत नाही. पण आई घालेना. विधवेनं काकणं घालायची नाहीत हे आमच्या धर्मात नाही, गल्लीत आहे, आणि गल्ली सगळ्यांची एकच. गळ्यातली काळी पोत तर तिनं पहिल्याच दिवशी काढून डब्यात ठेवली होती.

पुढच्या ईदला मणेरीण दारात आली. बहिणीला भरल्या, वहिनीला भरल्या, आणि आईला म्हणाली, "हात दे, बघू, सूज हाय काय." आईनं दिला. तिनं बोलत बोलत हाड दाबलं आणि एकेका हातात एकेक साधी तपकिरी बांगडी सरकवली. आईच्या लक्षात येईपर्यंत मणेरीण बुट्टी उचलून गेलेली. पैसे न घेता. आईनं त्या काढल्या नाहीत. दळताना खणखण व्हायची तेवढी.

निपाणीची_सून :
वर पहिलं_गेटनं लिहिलं होतं, गप्पा बांगडी भरण्यासाठीच असतात.

पहिलं_गेट :
सगळ्यांचे आभार. जाऊन आले, सांगते.

रविवारी गच्चीवर गुढी उतरवताना पश्चिमेला बघितलं. टॉवरच्या शेजारी नखाएवढी कोर. गाठीची माळ हातात आणि फोन वाजला, "चांद मुबारक गे!" रोजे यंदा एकोणतीसच झाले.

सोमवारी अकराला गेले. मोगऱ्याचं अत्तर अर्धा तोळा आणि पाव किलो कुंदा. नव्या साडीऐवजी आईची जुनी इरकल नेसले. दारातच आजींनी पदर हातात घेऊन सांधा चाचपला आणि मान डोलावली. शहापूर_वडगाव, हे तुमच्यासाठी.

हात मोकळेच नेले होते. आजींना आता फारसं दिसत नाही, बोटांनीच माप घेतात. ईदचा रंग कुठला विचारलं तर म्हणाल्या, "ईदला कसला रंग? तुझ्या आईला हिरवा, तुला मोरपंखी. हिरवा घातला की लहानपणी रडायचीस." मी हे विसरलेच होते. माझ्या लग्नातलं माप त्यांच्या डोक्यात होतं, दोन-चार, म्हणजे सव्वादोन इंच. बराच वेळ हाड दाबून शेवटी नातीला ओरडल्या, "दोन-सहाची काढ, ही आता खातीपिती झालीय." त्यातही एक वाढली. मी 'फुटली' म्हणाले आणि ओरडा खाल्लाच.

भरून झाल्यावर वाकणार होते, तर त्यांनी आधीच माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. मग दहाची करकरीत नोट, ईदी म्हणून. मला, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला.

आईसाठी एक डझन हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळून दिल्यात. घरी येऊन भरायला बसले तर माझ्यानं आईच्या आंगठ्याचं हाड दबेना. तीन वाढल्या. उरलेल्या नऊ आणि आई, दोन्हींना शनिवारी रिक्षात घालून आजींकडं नेणार आहे.